वाटेत भेटलेल्या पेशी

सेंट्रिफ्यूज थांबत येतं तेव्हाचा आवाज ऐकत राहावासा वाटतो. ऐन वेगात असताना त्याचा सूर एकसारखा असतो, खोलीतल्या एसीच्या आवाजात मिसळून गेलेला. अर्धा तास भरतो, टायमर शून्यावर येतो, मोटर सुटते आणि तो सूर खाली खाली उतरू लागतो. इतर कामांच्या वेळी ब्रेक लावून मशीन मिनिटभरात थांबवता येतं. रक्तातल्या पेशी वेगळ्या करण्याच्या या कामाला ब्रेक बंद ठेवायचा असतो. रोटर आपल्या गतीने, दमत दमत थांबू द्यायचा. लवकर थांबवायला गेलं तर आत जमलेले थर ढवळून निघतात. त्या वेळात करण्यासारखं पुष्कळ असतं. ट्यूबांवर नंबर घालता येतात, पिपेटच्या टिपा भरून ठेवता येतात. मी बहुतेक वेळा काहीच करत नाही, नुसती मशीनपाशी उभी राहते. कितीही घाईचा दिवस असला, तरी जिथे घाई चालत नाही अशी एक जागा त्यात नेमाने येते, याचं मला अप्रूप आहे.

मग झाकण उघडायचं आणि ट्यूब अलगद वर काढायची. तळाशी गडद लाल, जवळजवळ काळपट थर. त्याच्यावर फायकॉल नावाचं पाण्यासारखं नितळ द्रावण. सगळ्यांत वर गवती पिवळा प्लाझ्मा. आणि पिवळा संपून नितळ सुरू होतं तिथे, दोघांच्या सांध्यावर, एक धुरकट पांढरं कडं. लॅबमध्ये त्याला सगळे रिंग म्हणतात. "रिंग आली का?" हा प्रश्न आमच्याकडे दिवसातून कुणी ना कुणी विचारतोच. ट्यूब खिडकीच्या उजेडात धरली तर बाजूने ती नुसती एक रेघ दिसते. किंचित कलती केली की कळतं, ही रेघ नाही, एक पातळ पडदा आहे, आणि तो एकसंध हलतो. लिंफोसाइट आणि मोनोसाइट, म्हणजे रोगांशी झगडणाऱ्या, त्यांना ओळखणाऱ्या, ओळख लक्षात ठेवणाऱ्या पेशी त्या पडद्यात असतात. दहा मिलिलिटर रक्तातून साधारण एक कोटी पेशी हाती येतात. धुऊन ट्यूबच्या टोकाशी गोळा केल्या की त्यांचा जेमतेम नजरेत भरणारा एक पांढुरका ठिपका होतो.

नव्या मुलांना मी हेच काम आधी शिकवते. यात फिरवणं मशीन करतं, कौशल्य त्याच्या आधीच्या पाच मिनिटांत आहे. रक्तात तेवढंच सलाइन मिसळून ते फायकॉलवर असं सोडायचं, की दोन्ही एकमेकांत मिसळता कामा नयेत. ट्यूब तिरकी धरायची, पिपेटचं टोक काचेसारख्या भिंतीला लावायचं आणि रक्ताला भिंतीवरून उतरू द्यायचं. पहिल्यांदा सगळ्यांचाच हात थरथरतो. "मॅडम, माझ्याच्याने नाही होणार," असं नांदेडहून आलेली एक मुलगी म्हणाली होती. तिला सांगितलं, कोपर टेबलावर टेकव आणि श्वास रोखून धरू नकोस. माणूस श्वास रोखतो, मग एकदम सोडतो, आणि त्या सोडण्याने हात हलतो. श्वास चालू ठेवून हात स्थिर ठेवता येणं ही या कामातली पहिली गोष्ट आहे. आता ती माझ्याहून निगुतीने करते. तिने सोडलेलं रक्त फायकॉलवर आरशासारखं सपाट बसतं.

ही रीत १९६८ मध्ये नॉर्वेच्या आर्ने बोयुम यांनी मांडली. फायकॉल म्हणजे मुळात साखर. आपल्या चहातल्या साखरेचेच रेणू एकमेकांना जोडून केलेला एक प्रचंड रेणू. त्याच्या जोडीला बोयुम यांनी घेतलं ते एक्सरेत रक्तवाहिन्या दिसाव्यात म्हणून टोचतात तसलं आयोडिनयुक्त औषध. आयोडिन जड, त्यामुळे द्रावणाला हवी ती घनता येते. दोन्हींचं प्रमाण असं बसवलं, की मिश्रणाची घनता १.०७७ भरावी. तांबड्या पेशी याहून दाट. शिवाय फायकॉलच्या सहवासात त्या एकमेकींना चिकटतात आणि भराभर तळ गाठतात. लिंफोसाइट याहून हलक्या, म्हणून त्या त्याच्या पृष्ठावर अडतात. अर्ध्या शतकाहून अधिक काळ लोटला, जगभरच्या प्रयोगशाळांत यंत्रं बदलली, इमारती बदलल्या, तरी हा आकडा टिकून आहे. यात कुणालाही नावाने हाक मारून बाहेर काढलेलं नसतं. मधे फक्त एक उंबरठा घातलेला असतो. कोण अलीकडे राहील आणि कोण पलीकडे जाईल, हे ज्याच्या त्याच्या घडणीवर ठरतं.

पण उंबरठा घातला की कुणीतरी पलीकडे जाणारच. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींत बहुधा निम्म्याहून जास्त असतात त्या न्यूट्रोफिल. जखम झाली की सर्वांत आधी धावतात, जंतू गिळतात आणि तिथेच मरतात. पू म्हणून आपण जे पुसून टाकतो त्यात त्याच असतात. त्यांच्या अंगात कण गच्च भरलेले, म्हणून त्या दाट. त्या तांबड्या पेशींबरोबर तळाशी जातात, आणि तो तळ आम्ही हायपोक्लोराइटच्या बादलीत ओततो. गोठवून ठेवलं तर त्या जगत नाहीत, आणि ताज्या असल्या तरी त्यांचं आयुष्य थोडं. म्हणून प्रयोगशाळांच्या फ्रीजरमध्ये त्यांचा साठा जवळजवळ नसतोच. ज्यांना साठवता येतं त्यांच्याविषयी आपण जास्त शिकत गेलो. बादलीतला लाल रंग हायपोक्लोराइटमध्ये हळूहळू तपकिरी होत जातो, तेव्हा दर वेळी नाही, पण कधी कधी हे मनात येऊन जातं.

हे पांढरं माणसांनी फार पूर्वीपासून पाहिलेलं आहे. युरोपात रोग्याची शीर तोडून रक्त काढण्याची वैद्यकी होती, तेव्हा वाडग्यात ठेवलेलं रक्त गोठलं की त्यावर फिकट पापुद्रा धरे. आजारी माणसाच्या रक्तावर तो जाड येई. वैद्य तो पापुद्रा पाहून दाह किती आहे ते सांगत. काहींना वाटे, शरीराबाहेर काढायला हवा असा दोष तो हाच. विसाव्या शतकात स्वीडनच्या रॉबिन फोरेउस यांनी उलगडा केला. आजारपणात तांबड्या पेशी एकमेकींना चिकटून लवकर खाली बसतात, म्हणून गोठण्याआधी वर फिकट भाग जास्त उरतो. आजही रक्ताच्या रिपोर्टात ईएसआर म्हणून जो आकडा येतो, त्याच्या मुळाशी हेच लवकर बसणं आहे. वाडगा तोच, पापुद्रा तोच. कुणाला त्यात दोष दिसला, कुणाला खूण.

रिंग पिपेटने उचलायची, दुधावरची साय काढावी तशी, खालचं फार न घेता. मग दोनदा धुवायचं आणि थेंबभर पेशींत ट्रिपॅन ब्लू घालून मायक्रोस्कोपखाली ठेवायच्या. मोजणीच्या काचेवर बारीक चौकोन आखलेले असतात. त्या चौकोनांत गोल, चमकत्या कडेच्या पेशी विखुरलेल्या दिसतात. मधेच एखादी गडद निळी. निळी म्हणजे मेलेली. जिवंत पेशी तो रंग आत येऊ देत नाही. बाहेर निळाई भरून राहिलेली असते आणि ती आपल्या पातळ आवरणाच्या आत स्वच्छ असते. हातातल्या काउंटरवर अंगठा टक टक चालू असतो, जिवंत, जिवंत, मेलेली, जिवंत. कशाला जिवंत म्हणायचं याच्या मोठमोठ्या व्याख्या मी वाचल्या आहेत. काचेवर मात्र एवढंच पाहिलं जातं: आत काय येऊ द्यायचं ते अजून तिच्या हातात आहे की नाही.

या पेशी मुळात किती साध्या दिसतात! लिंफोसाइटमध्ये जवळजवळ सगळं केंद्रकच. भोवती इतर पेशींसारखा पसारा नाही. बरीच वर्षं शास्त्रज्ञांना वाटत होतं की ही म्हातारी, संपत आलेली पेशी आहे, हिच्यापुढे आता काही घडायचं नाही. १९६० साली फिलाडेल्फियात पीटर नोवेल ल्युकेमियाच्या पेशी वाढवत होते. रक्तातल्या तांबड्या पेशी एकत्र चिकटून बाजूला व्हाव्यात म्हणून ते राजम्याचा अर्क वापरत. त्या अर्कातला पदार्थ तांबड्या पेशींना गोळा करतो, एवढंच त्याचं काम. पण दोन-तीन दिवसांनी त्यांना दिसलं, की त्या निपचित समजलेल्या लिंफोसाइट फुगल्या आहेत आणि विभागू लागल्या आहेत. वेगळं काढण्यासाठी वापरलेल्या वस्तूनेच त्यांना जागं केलं होतं. आजही आम्ही प्रयोगात प्लेटच्या एका खाचेत राजम्याचा तो अर्क घालतो. पेशी धड आहेत, त्यांना जाग येते आहे, एवढं पाहण्यासाठी. पुढे १९७०च्या दशकात मेंढीच्या तांबड्या पेशी कामी आल्या. माणसाच्या टी पेशी नावाच्या लिंफोसाइटभोवती त्या फुलाच्या पाकळ्यांसारख्या चिकटत आणि त्यावरून टी पेशी ओळखून वेगळ्या काढता येत. माणसाच्या रक्षणाची गोष्ट समजून घ्यायला राजमा लागला, मेंढी लागली. या विद्येत एकट्या माणसाचं असं फारच थोडं आहे.

त्या जाग्या होतात हे कळलं, पण त्या असतात कुठे? उंदराच्या छातीतली मोठी लसिकावाहिनी दर दिवशी रक्तात इतक्या लिंफोसाइट ओतते, की रक्तातल्या सगळ्या लिंफोसाइटची जागा दिवसातून अनेकदा भरून निघावी. तरी रक्तातली त्यांची संख्या वाढत नाही. मग त्या जातात कुठे? बऱ्याच जणांचं उत्तर होतं, मरत असतील. ऑक्सफर्डला जेम्स गोवन्स यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस दाखवलं, की त्या मरत नाहीत, फिरतात. रक्तातून लसिका ग्रंथीत, ग्रंथीतून लसिकेत, लसिकेतून पुन्हा रक्तात. शरीरातल्या एकूण लिंफोसाइटपैकी कोणत्याही क्षणी रक्तात असतात त्या शेकड्यात दोनच्या आसपास. आणि एका फेरीत एखादी पेशी रक्तात राहते ती साधारण अर्धा तास.

हे वाचलं तेव्हापासून माझ्या हातातली ट्यूब माझ्यासाठी बदलली. तोवर मला वाटत होतं, या रक्तातल्या पेशी आहेत, रक्त हे त्यांचं घर आहे. रक्त हा त्यांचा रस्ता आहे. सुई शिरली त्या घटकेला ज्या रस्त्यावर होत्या, त्या आपल्याला भेटल्या. बाकीच्या प्लीहेत, आतड्याच्या भिंतीत, काखेतल्या आणि मानेतल्या गाठींत आपापल्या कामात होत्या. रस्त्यावरची गर्दीही दिवसभर सारखी नसते. रात्री रक्तात लिंफोसाइट जास्त असतात, सकाळी कमी. सकाळी नऊला घेतलेलं रक्त आणि रात्री घेतलेलं रक्त, माणूस तोच, पण वाटसरू वेगळे. माणसाच्या प्रतिकारशक्तीबद्दल आपण जे जाणतो, त्यातला मोठा भाग या रस्त्यावरच्या भेटींतून आलेला आहे. कुणाच्या घरात शिरून पाहण्याची सोय जिवंत माणसाच्या बाबतीत क्वचितच असते. मला यात कमीपणा वाटत नाही. आपण आयुष्यात बहुतेक माणसांना असंच ओळखतो. फक्त, अर्ध्या तासाच्या भेटीवर पुरा माणूस समजला असं धरून चालायचं नाही, एवढं भान ठेवावं लागतं.

आमच्या एका कामासाठी साठीच्या पुढच्या निरोगी माणसांचं रक्त हवं होतं. एक आजोबा आले, सत्तरी ओलांडलेले. सिस्टरने बाही वर सरकवायला सांगितली तेव्हा दंडावर दोन वण दिसले, गोल, कातडी आकसलेली. देवी काढल्याच्या खुणा. त्या वयाच्या माणसांच्या दंडावर त्या असतातच. माझ्यानंतर जन्मलेल्यांपैकी कुणाच्या दंडावर नाहीत. देवीचा भारतातला शेवटचा रुग्ण १९७५च्या मे महिन्यात सापडला आणि १९८० मध्ये हा रोग पृथ्वीवरून गेल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केलं. पण देवी काढून पन्नास वर्षं झालेल्या माणसांच्या रक्तातही त्या विषाणूला ओळखणाऱ्या पेशी सापडतात. त्याच पेशी असं नाही; त्यांच्या लेकी, लेकींच्या लेकी, ओळख पुढे देत आलेल्या. आजोबांनी विचारलं, "बाई, यातून माझं काय कळणार?" मी म्हटलं, "एकट्या तुमचं फार नाही, आजोबा. पुष्कळ जणांचं मिळून काहीतरी कळेल." ते म्हणाले, "मग घ्या की अजून थोडं." सिस्टरने हसून सांगितलं की ठरलंय तेवढंच घेता येतं.

ती ट्यूब माझ्याकडे आली तेव्हा तिच्यावर नाव नव्हतं, नंबर होता. नियम तसाच आहे आणि तो योग्यही आहे. पण हिरव्या झाकणाची ती ट्यूब हातात घेताना ते वण डोळ्यांसमोर होते. जो शत्रू जगातच उरला नाही, त्याची ओळख सांभाळत यातल्या काही पेशी फिरत असतील. त्यांना ही बातमी कुणी सांगू शकत नाही. आणि सांगता आली असती तरी सांगावी का? शरीर असंच वागतं. संकट गेलं म्हणून त्याची ओळख पुसत नाही. लहानपणी कोणती आजारपणं झाली, कोणत्या लशी टोचल्या, कोणत्या विहिरीचं पाणी प्यायलो, याचा जो हिशोब माणसाला स्वतःला सांगता येणार नाही, तो या रिंगेत थोडाफार लिहिलेला असतो.

कधी त्या हिशोबातलं पानच फाटतं. १९९२ मध्ये पुण्यात भोसरीला राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सुरू झाली. त्या काळात या शहरात रक्तातली एकच जात मोजायला अनेक माणसं दारोदार फिरली: सीडी फोर. एचआयव्ही नेमका त्याच टी पेशीत शिरतो, जी इतर सगळ्यांना कामाला लावते. दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या, शाळेची पायरी फारशी न चढलेल्या बायकाही एकमेकींना विचारत, "तुझा सीडी फोर किती आला?" कुणाचा दोनशेच्या खाली गेला की आवाज खाली यायचा. औषधांनी वर चढला की त्याच बाकावर डबा उघडला जायचा. पाठ्यपुस्तकात मी या पेशीविषयी पुष्कळ वाचलं होतं. ती इतकी महत्त्वाची आहे हे मला त्या बायकांच्या बोलण्यातून पटलं.

आमच्या कामात काढलेल्या पेशी परत जात नाहीत. त्यांच्यापुढे खाच, रंग, अँटीबॉडी, आकडे, आणि मग बादली. पण आता परतीचीही वाट झाली आहे. मुंबईत आयआयटी आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून घडवलेल्या कार-टी उपचाराला २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. रक्ताच्या काही कॅन्सरमध्ये रोग्याच्या स्वतःच्या टी पेशी काढून घेतात, कॅन्सरची खूण ओळखणारा नवा जनुक त्यांच्यात घालतात, त्यांना वाढवतात, आणि त्याच माणसाच्या शिरेतून परत सोडतात. काढणं तेच, निवडणं तेच. फरक एवढा की इथे पेशीला परत जायचं आहे, आणि तिची वाट पाहणारं माणूस वॉर्डात खाटेवर आहे. असं काम करणाऱ्यांचे हात धुताना, मोजताना कसे चालत असतील, याची मी कल्पना करते.

उरलेल्या पेशी आम्ही गोठवतो. मिनिटाला एक अंश अशा सावकाश गतीने त्यांना उणे ऐंशीपर्यंत न्यायचं आणि मग द्रव नायट्रोजनमध्ये, उणे एकशे शहाण्णव अंशांवर ठेवायचं. नियम असा की गोठवताना सावकाश, वितळवताना झटपट. २०२० मध्ये करोना आला, तेव्हा अमेरिकेत सॅन दिएगोच्या संशोधकांनी २०१५ ते २०१८ या काळात साठवलेल्या पेशी बाहेर काढल्या. हा विषाणू माणसात आला नव्हता तेव्हाचं ते रक्त. तरी त्यांतल्या जवळजवळ निम्म्या लोकांच्या टी पेशींनी त्याच्या तुकड्यांना प्रतिसाद दिला. बहुधा साध्या सर्दीच्या करोना विषाणूंशी झालेल्या जुन्या ओळखीमुळे. त्या कुप्या भरणाऱ्यांच्या मनात हा प्रश्न असणं शक्यच नव्हतं. त्यांनी फक्त पेशी नीट मोजल्या होत्या, नीट धुतल्या होत्या आणि तारीख घातली होती.

आमची नायट्रोजनची टाकी आता भरत आली आहे. नव्या कामासाठी जागा करायची तर जुन्या कुप्यांतल्या काही काढाव्या लागतील. त्यांची यादी नांदेडच्या मुलीने तयार केली आहे: नंबर, तारीख, पेशी किती, त्यांतल्या जिवंत किती. ज्या कामांसाठी त्या ठेवल्या होत्या त्यांतली बरीचशी संपली, निबंध छापून झाले. त्या अर्थाने त्या कुणाला नको आहेत. तिने विचारलं, "मॅडम, कोणत्या काढायच्या हे कशावरून ठरवायचं?" संख्या कमी आहे त्यांवरून ठरवता येईल. सर्वांत जुन्या कोणत्या, त्यावरूनही. पण जुन्यांतच, आता ज्यांच्या दंडावर खुणा आहेत अशा माणसांच्या पेशी आहेत, आणि ती माणसं कमी कमी होत जाणार. उद्या कुणाला यांना काय विचारावंसं वाटेल, याचा अंदाज बांधायला माझ्यापाशी काही साधन नाही. यादी मी दोनदा वाचली आणि तिला म्हटलं, आपण दोघी बसून एकेक नंबर पाहू.